आधीचा डॉक्टर

केलेपीला टाके घालायला मनापासून आवडायचं. कुणाच्या पायावर कोयता आलेला असायचा, कुणाच्या बोटात गळ रुतलेला, कुणाच्या डोक्यात नारळ पडलेला. माणूस बोंबलत यायचा, हा शिवायचा, आणि तोच माणूस आपल्या पायांनी घरी जायचा. केलेलं काम डोळ्यांना दिसायचं. परदेशात, सुव्हाला डॉक्टरकी शिकून तो आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफाला परतला तो हेच करायच्या हौसेने. पण आमच्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टरने कुठे उभं राहायचं हे शिकाऊ डॉक्टरला कुणी विचारत नाही. मोठे डॉक्टर हानितेली यांनी त्याला उचललं आणि कॅन्सरच्या बायकांच्या वार्डात नेऊन ठेवलं. अपघाताचं टेबल मिळालं त्याच्याबरोबर पास झालेल्या एलेनोआला, जिला टाके घालण्याचा मनस्वी कंटाळा. आता बोला.

वार्ड म्हणजे एक लांबलचक खोली. खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या, त्या सदा उघड्या, आणि बाहेर व्हरांडा. व्हरांड्यात नातेवाईक चटया अंथरून पसरलेले, समोरच्या गवतात कुणाची तरी डुकरं. बायका बेटाबेटांवरून बोटीने यायच्या आणि उशिरा यायच्या. आधी प्रार्थना, मग पाल्याचा रस, मग मालिशवाली, मग परत प्रार्थना, आणि हे सगळं करून दमल्यावर इस्पितळ. ज्यांचा काही उपयोग होण्यासारखा असेल त्यांना न्यूझीलंडला पाठवत. बाकीच्या इथेच, मॉर्फिनच्या कडू औषधावर.

पहिल्याच आठवड्यात केलेपी हानितेलींच्या खोलीत गेला आणि विचारता झाला, की साहेब, इथे मी नेमकं करायचं काय? ते म्हणाले, दुखणं कमी करायचं. हा म्हणाला, आणि मग? ते म्हणाले, मग उद्या परत कमी करायचं. एवढं बोलून ते चहा प्यायला निघून गेले. केलेपी वेड्यासारखा दाराकडे बघत राहिला. आठ वर्षं घासून अभ्यास केला तो याच्यासाठी?

मग लोसालीने आली.

उत्तरेकडच्या हापाई बेटांवरच्या बंदरात ती बोटीची तिकिटं विकायची. चाळिशी उलटलेली, नवरा समुद्रात गेलेला, आवाज असा की बोटीचा भोंगा बंद पडला तरी चाललं असतं. गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू झालेला कॅन्सर आता ओटीपोटभर पसरला होता. केलेपीने शिकल्याप्रमाणे तिला विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? ती म्हणाली, बाळा, आकडे मी आयुष्यभर मोजले, आता डुकरं मोजते. ओटीपोटावर डुकराचं पिल्लू बसलंय असं वाटलं की दुखणं बरं. व्यालेली डुकरीण बसली की वाईट. आणि राजाच्या मेजवानीला कापतात तसला भला थोरला डुक्कर बसला की मग तिला कुणाशी बोलायचं नसायचं.

वार्डातल्या बाकीच्या बायका हसून हसून लोळल्या. पण केलेपीला त्या दिवसापासून वाट दिसली. रोज सकाळी तो तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचा आणि ती सगळं सांगायची. कुठून कळ निघते, मांडीत कुठवर उतरते, लघवीला बसलं की काय होतं, रक्त किती जातं, वास कसा येतो. एक आडपडदा नाही. तो तपासायचा, औषध थोडं वाढवायचं, थोडं मागे घ्यायचं. हळूहळू डुकरीण उठली आणि पिल्लू राहिलं. एका सकाळी लोसालीने रात्रभर झोपलेली होती, केस विंचरून बसली होती, आणि शेजारच्या म्हातारीला पाण्यासारखा चहा देतात म्हणून इस्पितळाच्या स्वयंपाक्याला शिव्या देत होती.

त्या सकाळी केलेपीला काय झालं ते त्याचं त्यालाच उमगेना. बरी तर ती होणार नव्हती. वार्डातली कुणीच बरी होणार नव्हती. मग वार्डाकडे येताना पाय एवढे झपझप का पडतात? सायकल लावताना शीळ का येते? त्याला थोडी लाजही वाटली, की मरणाऱ्या बायकांच्यात आपण सुखी कसे? नर्स तालीताला, जी त्या वार्डात त्याच्या जन्माच्या आधीपासून होती, त्याने हे विचारलंसुद्धा. ती म्हणाली, जास्त विचार करू नकोस, चादरी बदलायच्यात, ते टोक धर.

आणि मग हापाईच्या बोटीने लोसालीनेची आत्या आली.

कालोलाइने आत्या म्हणजे लोसालीनेच्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे घरात आत्याचा शब्द शेवटचा. ती बसली की बाकीचे उभे. कमरेला चारचौघांत जाताना गुंडाळायची मानाची चटई, हातात पंखा, तिने आल्या आल्या पेशंटकडे पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या डॉक्टरकडे पाहिलं, आणि आमच्याकडची कुठलीही म्हातारी विचारते तेच विचारलं.

"तू कुणाचा रे?"

केलेपीने वडिलांचं नाव सांगितलं. ते कुणाचे? आजोबांचं सांगितलं. आजोबा मूळचे इथलेच का? नाही, तरुणपणी हापाईहून आले, भावकीत काहीतरी बिनसलं म्हणून, परत कधी गेले नाहीत. म्हातारीचा पंखा थांबला. आजोबांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती का? होती. लहानपणी शार्कच्या गळाने फाटली, असं ते सांगायचे.

"माझ्या आईच्या हातून फाटली," आत्या म्हणाली. "तुझा आजा माझ्या आईचा सख्खा भाऊ. मी तुझी आत्या लागते. आणि ही तुझी बहीण."

आमच्याकडे चुलत, मामे, आते अशी वाटणी नाही. सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी, चार पिढ्या लांबचे असले तरी. बहीण वरची, भाऊ खालचा. आणि वयात आलेल्या बहिणीच्या खोलीत भावाने पाय ठेवायचा नसतो, तिच्या अंथरुणाला हात लावायचा नसतो, अंगाबद्दलचा, लाजेबिजेचा एक शब्द तिच्यासमोर काढायचा नसतो. रेडिओवर प्रेमाचं गाणं लागलं तर भाऊ उठून बाहेर जातो. शहरात हल्ली पोरं एवढं पाळत नाहीत, पण हापाईच्या बाईला ते कुणी शिकवावं लागत नाही, आणि केलेपीला त्याच्या बापाने तेच वळण लावलेलं.

लोसालीनेने चादर हनुवटीपर्यंत ओढली, मग तोंडावर. केलेपी स्टुलावरून उठला तर स्टूल पडलं. ते उचलायलाही तो थांबला नाही. व्हरांडा, गवत, डुकरं ओलांडून तो सायकलींच्या छपराखाली जाऊन उभा राहिला. त्याने तिला तपासलं होतं. नीट, तपासायला हवं तसं तपासलं होतं. आणि ती सगळं बोलली होती, मांडीचं, रक्ताचं, वासाचं, हसत हसत. आता ते सगळं एका बहिणीने भावाला सांगितलेलं होऊन बसलं. पाठीमागून सगळ्याचा रंगच बदलला. ज्याचं त्याला एवढं सुख वाटत होतं तेच आठवून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तालीताने निरोप आणला, खिडकीजवळच्या खाटेवरचीला काही दुखत नाही म्हणे. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. केलेपी हानितेलींकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते उखडले. म्हणाले, या देशात प्रत्येक जण प्रत्येकाचा भाऊ आहे, असं धरून बसलो तर इस्पितळाला कुलूप लावावं लागेल. तू डॉक्टर आहेस. भाऊ चपलेबरोबर बाहेर काढून ठेव आणि आत जा. व्हरांड्यात कालोलाइने आत्या बसली होती, तिला ते ऐकू गेलंच. केलेपी जवळून जाताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, की भाऊ असा काढून ठेवता येत असता तर मीही माझं म्हातारपण काढून ठेवलं असतं.

दोघांचंही त्याला पटलं. हीच तर गोची होती.

तो गेला आत. खाटेभोवती पडदा ओढायला लावला, स्वतः पडद्याबाहेर पाठ करून उभा राहिला, तालीताला आत उभं केलं आणि जमिनीकडे बघत विचारलं, की पेशंटला कसं वाटतंय. आतून आवाज आला, बरं वाटतंय. कळ? नाही. मांडीत? पडदा हलला तेवढा. तो शब्द आपण उच्चारायलाच नको होता हे केलेपीला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं.

तालीताने नंतर त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, ती मलाही काही सांगत नाही. मी सांगेन तुला, म्हणून नाही सांगत. आणि हे बघ. तिने उशाखालून काढलेला टॉवेल दाखवला. त्याच्या एका कडेचे चावून चावून धागे झाले होते.

मग केलेपीने अंदाजाने औषध वाढवलं. लोसालीने दिवसभर ग्लानीत पडली, ओकली, संध्याकाळी तिचा श्वास इतका सावकाश चालला की तालीता तिच्या शेजारून हलली नाही. त्याने घाबरून औषध उतरवलं. परत टॉवेल. तिने सांगितल्याशिवाय त्याला काहीच करता येत नव्हतं. रक्त तपासून दुखणं दिसत नाही, फोटो काढून दिसत नाही. ते फक्त बाईच्या तोंडून येतं, आणि ते तोंड त्याच्यामुळे बंद झालं होतं. इतर बायकांच्या खाटांशी तो रोजच्यासारखा बसायचा, त्या बोलायच्या, आणि खिडकीजवळच्या खाटेकडे पाठ ठेवून तो ऐकायचा. मनात येई, हिला आपण आलो नसतो तर बरं झालं असतं. मग मनात येई, आपण नसतो तर आधीही कुणी विचारलं नसतं. विचार करकरून त्याचं डोकं भंजाळलं.

शेवटी तो एलेनोआकडे गेला. ती एका मच्छीमाराच्या तळव्यातून काचा काढत होती. तो म्हणाला, माझा वार्ड घे आणि मला हे टेबल दे. एलेनोआने वर पाहिलं. म्हणाली, महिन्याभरापूर्वी तू हे मागत होतास तेव्हा मी नाचत दिलं असतं. पण आता तुझा जीव तिथे रमलाय, सगळ्या इस्पितळाला माहीत आहे. हा म्हणाला, असू दे. आणि एक अट आहे. खिडकीजवळच्या बाईबद्दल मला एक अक्षर सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही, पाया पडलो तरी नाही. नाहीतर ती तुलाही सांगणार नाही.

हानितेलींनी कपाळाला हात लावला, पण अदलाबदल होऊ दिली.

एलेनोआ वार्डात गेली तरी लोसालीने म्हणायची, मला काही दुखत नाही. तालीताने येऊन केलेपीला सांगितलं, की ती समजते ही तुझीच चाल आहे. बाई पुढे केलीय, मागून तूच ऐकणार. डॉक्टर लोक एकमेकांत बोलतात हे काय तिला माहीत नाही? त्यात खोटं काय होतं? बोलतातच की.

तो रविवार होता. देवळातलं गाणं संपेपर्यंत केलेपी कसाबसा बसला. सोमवारी पहाटे तो काकाच्या शेतावर गेला आणि कोनफळं खणली. त्या मोसमाची पहिली, जी आमच्याकडे भाऊ बहिणीला देतो आणि त्याआधी स्वतः तोंडात घालत नाही. त्याला खणायची सवय नव्हती. काका बांधावर उभा राहून म्हणाला, कुदळीने ऑपरेशन करतोयस का? मोठी, न तुटलेली निवडून त्याने नारळाच्या झावळीच्या टोपलीत भरली, काही काकूने भट्टीत भाजून दिली. पांढरा कोट घरी ठेवला. काळा सदरा घातला, कमरेला बापाची जुनी चटई बांधली, आणि दुपारी नातेवाईक येतात त्या वेळेला, दारातून नाही, गवतातून, व्हरांड्याच्या पायरीशी येऊन मान खाली घालून बसला. एक पाय पोटाशी, दुसरा दुमडलेला, धाकट्याने बसायचं तसा. ज्या वार्डात तो रोज स्टूल आपटत फिरायचा त्याच्या पायरीशी.

बाकीचे नातेवाईक बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, हा तर डॉक्टर. कालोलाइने आत्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, टोपलीतलं एक कोनफळ हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं, आणि खिडकीच्या पट्ट्यांकडे तोंड करून म्हणाली, लोसालीने, तुझा भाऊ आलाय. वाटा घेऊन आलाय.

केलेपी थोडा वेळ बसला आणि उठून टेबलावर कामाला गेला.

तो रोज यायचा. कधी कोनफळ, कधी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, कधी भाजलेला मासा. पायरीशी ठेवायचं, बसायचं, जायचं. आत काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नव्हता. जेवणाच्या खोलीत एलेनोआ समोर बसली की हा ताटात नुसता भात चिवडायचा. एकदा त्याच्या तोंडून गेलंच, "कसं आहे गं?" ती म्हणाली, "कुणाचं?" आणि भात खात राहिली. त्याला तिचा राग आला, मग आपणच घातलेली अट आठवून आपलाच राग आला. टेबलावर टाके वाकडे पडायला लागले. पूर्वी जी जखम शिवून शीळ घातली असती ती शिवून झाल्यावर तो नुसता हातमोजे हातात घेऊन उभा राहायचा. माणूस घरी जायचा, ते बरंच, पण आता ते पुरत नव्हतं. वार्डातल्या बायकांची त्याला आठवण यायची. तरी कामावर येताजाता मुद्दाम वार्डावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून तो मागच्या बाजूने फिरून जायचा. आपण डॉक्टर म्हणून शहाणपणा केला, का भाऊ म्हणून घाबरून पळालो, याचा निकाल त्याला लावता येईना. ती आत टॉवेल चावत असेल आणि हा बाहेर कोनफळं वाटतोय, असं तर नसेल? हा विचार आला की त्याला बसवत नसे.

एका दुपारी तो पायरीशी बसला असताना खिडकीच्या पट्ट्यांमागे तालीता आली. म्हणाली, जाऊ नकोस, तुझ्या बहिणीला काही विचारायचंय. केलेपी व्हरांड्यात सरकला आणि खिडकीखालच्या भिंतीला पाठ टेकून बसला, तोंड गवताकडे. आत लोसालीनेची खाट त्याच भिंतीला लागून होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, तरीही ती तालीतालाच सांगत होती आणि तालीता ते खिडकीतून मोठ्याने बाहेर सांगत होती. तसंच करायचं असतं.

लोसालीनेचा आवाज पार खाली गेला होता. बंदरावरचा तो आवाज नव्हता. ती म्हणाली, की माझ्या भावाला विचार, तो याच इस्पितळात कामाला आहे ना.

तालीताने विचारलं. केलेपी हो म्हणाला. तालीताने आत हो म्हटलं.

"मग त्याला विचार, या वार्डात आधी एक डॉक्टर होता. पोरगेला होता, सुव्हाला शिकलेला. रोज स्टूल ओढून बसायचा. तो याच्या ओळखीचा आहे का?"

केलेपीला आधी काही समजलंच नाही. तो तालीताकडे मान वर करून बघायला लागला. तालीताने डोळे मोठे केले. कालोलाइने आत्या पलीकडे बसली होती, तिचा पंखा चालू होता आणि ती गवताकडे बघत होती, जणू तिला काही ऐकूच येत नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, "ओळखतो थोडा."

"हल्ली दिसत नाही तो."

"गेला. दुसरीकडे बदली झाली त्याची."

तालीताने आत सांगितलं. केलेपीला वाटलं, संपलं आता, ती परत चादर ओढणार. त्याने घाईघाईने, खिडकीकडे न बघता म्हटलं, "तो कधी भेटला तर मला नक्की विचारेल, की खिडकीजवळच्या बाई कशा आहेत. काय सांगू त्याला?"

तालीताने ते जसंच्या तसं आत सांगितलं.

लोसालीने बोलली ती सावकाश बोलली, एकेक शब्द दमाने, आणि या वेळी तालीताला ते बाहेर सांगायची गरज उरली नाही, तरी तिने सांगितलं.

"त्याला म्हणावं, जायच्या आधी मी त्याच्याशी खोटं बोलले. दुखत नाही म्हणाले. दुखत होतं. फार दुखत होतं. त्याने मनाला लावून घेऊ नये. आता ही बाई आलीय तिला मी सगळं सांगते, आणि रात्री झोप लागते मला. एवढं त्याला कळव."

"कळवतो," केलेपी म्हणाला.

तालीताने आत सांगितलं, कळवतो म्हणाला. मग ती पट्ट्यांमागून निघून गेली. केलेपी भिंतीला टेकून तिथेच बसून रडला, तोंडावर हात न घेता, आणि आत्याने त्याला उठ म्हटलं नाही.